ओवीचा लॅपटॉप प्रोसेसमध्ये आहे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या स्टोअरच्या मागे भंगार साठतं, तसे ते साठतात. 'राहू दे, कधीतरी लागेल' म्हणून कुणी काही फेकत नाही आणि मग एक दिवस खोलीचं दारच उघडत नाही. परवा चहाच्या वेळी नव्या मुलांपैकी कुणीतरी म्हणालं, "निकम मॅडम, तो ओवीच्या लॅपटॉपचा किस्सा सांगा ना." मी म्हटलं, तो एक किस्सा नाही रे बाबा, ती अख्खी फाइल आहे. पहिल्या पानापासून बघावी लागते.

तर मी अंबडच्या एका कारखान्यात परचेसला आहे. आमच्याकडे इलेक्ट्रिकचे पॅनल बनतात आणि त्यांना लागणारं तांबं, पत्रा, वायर, नटबोल्ट असं सगळं आम्ही विकत घेतो. स्वस्तात घेतो, याचा आम्हाला फार गर्व आहे.

खात्याचे मॅनेजर देवरे साहेब. मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी पुस्तकी बोलतात, पण समोरच्याने भाव सांगितला की तोंडून अहिराणी निघते. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, एवढंच म्हणतात आणि चष्म्यावरून बघतात. भले भले व्हेंडर त्या नजरेने आपणहून खाली उतरलेत. दुसरे गायधनी, पंचवटीतले. आलेला माल तपासणं हे त्यांचं काम, म्हणजे आलेला माल परत पाठवणं. तिसरे सोनवणे. साधा, सरळ माणूस. साहेबांना विचारल्याशिवाय रजेच्या दिवशी शिंकतसुद्धा नसावा. ओवी ही त्यांची मुलगी.

आमच्या खात्याचा धर्म एकच, तीन कोटेशनं. काहीही घ्यायचं असो, तीन ठिकाणचे भाव मागवायचे, शेजारी शेजारी मांडायचे, मग सगळ्यात स्वस्तवाल्याला बोलावून आणखी खाली आणायचं. त्या मांडणीला आम्ही कम्पॅरिटिव्ह म्हणतो. साहेबांच्या केबिनमध्ये गणपतीचा फोटो आहे, पण आमची खरी श्रद्धा कम्पॅरिटिव्हवर.

*

साहेबांचा धर्म किती कडक आहे, ते त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी मला एका हळदीकुंकवाला सांगितलं होतं.

एका रविवारी घरी पाहुणे यायचे होते. वहिनींनी साहेबांना पंचवटीच्या भाजीबाजारात कोथिंबीर आणायला पाठवलं. साहेबांनी पहिल्या बाईला भाव विचारला, तिचा भाव घेऊन दुसरीकडे गेले, दुसरीचा घेऊन तिसरीकडे. तिसरीने थोडं खाली सांगितलं, तर ते घेऊन पुन्हा पहिलीकडे आले. पहिली म्हणाली, घ्या बाबा तुमच्या मनासारखं. कुणीही तिथे जुडी उचलली असती. साहेब म्हणाले, थांबा, जरा तिसरीला शेवटचा चान्स देऊन येतो.

ते तिसरीकडून परत आले तोवर पहिलीचा माल संपला होता आणि दुसरी पाट्या आवरून घरी निघाली होती. तिसरीकडे जावं, तर तिने चिडून तोंड फिरवलं.

साहेब घरी आले ते रिकामी पिशवी घेऊन. वहिनींनी विचारलं, "कोथिंबीर?"

साहेब म्हणाले, "रेट फायनल केलाय."

*

आता ओवीकडे येते. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात ही पोर इंदिरानगरला सायकलवरून पडली. तिसरीतली मुलगी, काटकुळी, बोलायला शहाणी. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही.

तिची आई शाळेत शिक्षिका. तिची रजा संपली, तेव्हा सोनवणे दुपारपुरतं ओवीला ऑफिसात घेऊन यायला लागले. पाय लांब करून बसायला आमच्या खात्यात सोफा एकच, तो साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी मोठ्या मनाने सांगितलं, बसू द्या, पोर शांत आहे.

आता दुपारी जेवण झालं की साहेब केबिनचं दार लावून घेतात, ही आमच्याकडची जुनी पद्धत. कम्पॅरिटिव्ह चालू आहे, कुणी आत यायचं नाही. व्हेंडर बाहेर बाकावर घाम पुसत बसलेले असतात. आतून फक्त माउसचा टिकटिक आवाज येतो आणि मधूनच "हाई काय शे?" ऐकू येतं. ते ऐकून बाहेरचा व्हेंडर आणखी घामाघूम होतो. आम्ही फोनसुद्धा हळू बोलतो. त्या दारापलीकडे बसायचा मान इतक्या वर्षांत फक्त ओवीला मिळाला, तोही सोफ्यामुळे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सोनवण्यांनी तिला उचलून बाहेर आणलं आणि काळजीने विचारलं, साहेबांना त्रास दिला नाहीस ना?

"नाही बाबा," ओवी म्हणाली. "ते खूप काम करतात. मी मदत केली."

आम्ही सगळे कौतुकाने हसलो. साहेबही हसले, जरा जास्तच.

*

पण आठवडाभरात सेफ्टीवाल्यांनी हरकत घेतली. कारखान्यात लहान मूल चालणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग ओवी घरी, शेजारच्या काकूंच्या भरवशावर, खिडकीजवळच्या पलंगावर. खाली सोसायटीतली मुलं खेळतात आणि ही वरून बघते. हाड बसवताना जी मुलगी रडली नव्हती, ती एका संध्याकाळी उशीत तोंड खुपसून रडली. बापाला म्हणाली, "बाबा, मला लॅपटॉपवर गेम खेळायचाय."

सोनवणे म्हणाले, आणतो. आणि हे आणतो त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. बाकी काही नाही, प्लास्टर आहे तोवर लॅपटॉप यायला हवा होता. एकदा पाय सुटला की ती खाली पळणार, मग लॅपटॉप आला काय नि न आला काय.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले आणि सोनवण्यांनी आयुष्यातली मोठी चूक केली. त्यांनी आम्हाला विचारलं. लहान मुलीला गेम खेळायला एखादा साधा, परवडेलसा लॅपटॉप सुचवा म्हणाले.

साहेबांचा घास हातातच राहिला. "सोनवणे, परचेसचा माणूस आणि असा सुचवा म्हणून घेणार? लोक काय म्हणतील?" झालं. तिथल्या तिथे कमिटी बसली. गायधनी म्हणाले, गेमिंग आणि बेसिक हे एका लॅपटॉपमध्ये येत नाही. त्यात परवडेलसा घातला तर मग तो लॅपटॉप नाही, नवस आहे. त्यावरून गेमिंगवर चर्चा घसरली. साहेबांनी सगळ्यांना ऐकवलं, की गेम म्हणजे वेळेचा सत्यानाश आणि हल्लीची पिढी त्यापायी कामातून गेली. मी जन्मात कधी एक गेम खेळलेलो नाही, असंही म्हणाले.

मी एवढंच विचारलं, की ओवीला नेमका कुठला गेम खेळायचाय? त्याच्यावर सगळं अवलंबून आहे ना?

तिघांनीही माझ्याकडे नवशिक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. साहेबांनी मग मला आमच्या धर्माचं दुसरं सूत्र समजावून सांगितलं, जे मी दहा वेळा ऐकलेलं होतं. "मॅडम, युजरला कधी विचारायचं नाही. युजरला विचारलं की रेट वाढतो."

आमच्याकडे खरंच असं चालतं. शॉपवाल्यांना, म्हणजे मशिनीवर काम करणाऱ्यांना, कुठला ड्रिल हवाय, हे शॉपवाल्यांना कुणी विचारत नाही. त्यांना ड्रिल मिळतो तेव्हाच कळतं की आपल्याला कुठला हवा होता.

*

मग कोटेशनं. पहिलं दुकान कॉलेज रोडचं, काचेचं, आत गारेगार. साहेब, सोनवणे आणि मी गेलो. विक्रेता पोरगा टाय लावलेला. सोनवणे म्हणाले, मुलीसाठी साधा दाखवा. त्याने जो काढला त्याच्या बटणांखाली लाल दिवे लागत होते आणि चालू केल्यावर आतून मिक्सर फिरावा तसा आवाज यायचा. त्या पैशांत आमच्याकडे जुनी का होईना, स्कूटर येते.

पोरगा म्हणाला, "सर, हा घ्या. मुलगी इंजिनिअर होईपर्यंत चालेल."

"अहो, ती तिसरीत आहे," सोनवणे म्हणाले.

"म्हणूनच सर!"

साहेब पुढे सरसावले. त्यांची एक जगप्रसिद्ध युक्ती आहे. भाव ऐकायचा, "जमाव नही" म्हणायचं, म्हणजे जमायचं नाही, आणि ताडकन उठून चालू पडायचं. दुकानदार मागून हाक मारतोच. समजा नाही मारली, तर त्याची सोय म्हणून हेल्मेट काउंटरवर मुद्दाम विसरायचं. हेल्मेट न्यायला परत जायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "बोला मग, शेवटचं काय?" या हेल्मेटने साहेबांनी कंपनीचं किती तांबं स्वस्तात आणलंय, ते विचारू नका.

साहेब "जमाव नही" म्हणाले, उठले आणि आम्ही मागोमाग बाहेर पडलो. पार्किंगमध्ये उभे राहिलो. हाक आली नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला. तरी आली नाही. साहेब म्हणाले, आता बघा, हेल्मेट कसं काम करतं. ते दुकानाकडे वळले, इतक्यात दुकानाचा वॉचमनच धावत आला.

"साहेब, तुमचं हेल्मेट. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलं, परत यायचा त्रास घेऊ नका म्हणून."

*

नवीन परवडेना म्हटल्यावर जुन्यांकडे मोर्चा वळला. मेन रोडच्या बाजूला एक जण मोठ्या कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप साफसूफ करून विकतो. भला माणूस. म्हणाला, दोन दिवस घेऊन जा, चालवून बघा, आवडला तर पैसे द्या. लॅपटॉप चांगला होता, सोनवण्यांच्या पगारात बसणारा होता. मी म्हटलं, संपलं, आज संध्याकाळी ओवीच्या मांडीवर.

पण माल कारखान्याच्या गेटातून आत आला होता, त्यामुळे तो नियमाप्रमाणे गायधनींच्या टेबलावर गेला.

गायधनींनी तो दोन दिवस तपासला. व्हर्नियर लावून झाकणाची फट चारी बाजूंनी मोजली. वजन केलं. बिजागरी उघडमीट करून बघितली, इतकी की तिसऱ्या डिपार्टमेंटची माणसं आवाज कसला म्हणून विचारायला आली. पोर खेळताना प्लास्टरवर ठेवील, म्हणून खालून किती तापतो ते पॅनलच्या तापमापकाने बघितलं. एक मानावं लागेल, गेम सोडून सगळं तपासलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर आमचा लाल रिजेक्टचा स्टिकर चिकटवला. असा चिकटवला की लॅपटॉप परत केला तेव्हा दुकानदार बिचारा रॉकेलचा बोळा घेऊन तो काढत बसला होता. वैतागून त्याने विचारलं, अहो, पण रिजेक्ट का?

गायधनी शांतपणे म्हणाले, "वापरलेला आढळला."

*

आता जरा कडू किस्सा. आम्हाला तांब्याच्या पट्ट्या पुरवणारा एक व्हेंडर आहे. त्याच्या कानावर ही लॅपटॉपची गोष्ट गेली. जाणारच, आमच्या बाकावर बसून त्याला दुसरा उद्योग नव्हता. एक दिवस तो आला आणि सोनवण्यांच्या टेबलावर एक खोकं ठेवलं, वर लाल रिबीन. आत तोच, लाल दिव्यांचा. "बिटियासाठी. आपलीच पोर आहे," म्हणाला.

सोनवणे त्या खोक्याकडे बघत बसले. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. खोकं नुसतं उचलून स्कूटरवर ठेवलं असतं, तरी त्या संध्याकाळी पोर हसली असती. त्याच आठवड्यात त्या व्हेंडरच्या पट्ट्यांचा भाव ठरायचा होता आणि ती फाइल सोनवण्यांकडेच होती. त्यांनी खोकं दोन्ही हातांनी परत सरकवलं.

"नको शेठ. पोरीने विचारलं, बाबा, कुणी दिला, तर काय सांगू?"

एवढंच. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी इतका राग आला, की दोन्ही गिळायला पाणी प्यावं लागलं.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मात्र पूर्ण भाषण केलं. परचेसच्या माणसाचे हात कसे स्वच्छ हवेत, इथे व्हेंडरचा चहासुद्धा विष कसा, वगैरे. व्हेंडर मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने हळूच पिशवीतून काजूकतलीचा डबा काढला. म्हणाला, ही तर प्रसादाची आहे साहेब, वणीला देवीला जाऊन आलो.

लॅपटॉप परत गेला. काजूकतलीबद्दल साहेबांनी सांगितलं की देवीचा अपमान करण्याचा त्यांना अधिकार नाही.

*

नवरात्र बसलं तरी लॅपटॉपचा पत्ता नव्हता. तीन कोटेशनं कधीच आली होती, तिसरं तर फोनवरच, पण साहेबांना त्या तिसऱ्या दुकानदाराला शेवटचा चान्स द्यायचा होता. एका रविवारी मी ओवीला बघायला इंदिरानगरला गेले. पेरू घेऊन गेले होते.

पोरीने प्लास्टरवर मिळेल त्या पेनाने चित्रं काढून जागा संपवली होती. खिडकीतून खालचा गलका येत होता. सोनवणे आत चहा टाकायला गेले, तर तिची आई दुधाचा पेला घेऊन आली आणि म्हणाली, ओवी, सकाळपासून तिसऱ्यांदा गरम करतेय, कधी पिणार आहेस?

ओवीने चित्रातून मान वर केली नाही. "प्रोसेसमध्ये आहे," म्हणाली.

तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज संध्याकाळी हे दारातून आत आले की ती विचारते, आला का. आणि हे रोज हेच सांगतात. आता आमच्या घरात सगळंच प्रोसेसमध्ये आहे. दूध, अभ्यास, केस विंचरणं."

मला लाज वाटली. आमचं खातं महिन्याला टनांनी तांबं घेतं आणि या एवढ्याशा पोरीला आम्ही इतक्या दिवसांत एक लॅपटॉप देऊ शकलो नव्हतो. मी सरळ विचारायला तोंड उघडलं, ओवी, तुला गेम कुठला गं... तेवढ्यात सोनवणे कप घेऊन आले आणि घाईघाईने म्हणाले, "नको मॅडम. साहेब म्हणालेत. तिला विचारलं की ती मोठं काहीतरी मागेल आणि मग माझी पंचाईत होईल."

ते हळू आवाजात बोलले होते. पण मुलांना नेमकं तेवढंच ऐकू येतं.

"मला मोठं नकोय," ओवी म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली.

सोनवण्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि तिच्या पायाखालची उशी सारखी केली. मी पुढे काही विचारलं नाही. बाप समोर उभा होता आणि त्याच्याच घरात त्याच्या साहेबांचा शब्द मोडायचा, हे मला जमलं नाही.

*

आणि मग खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशिनींची पूजा असते. प्रेस, लेथ, क्रेन, सगळ्यांना झेंडूचे हार, हळदीकुंकू. ऑफिसातल्या कॉम्प्युटरनाही. सगळ्यांच्या घरची माणसं येतात, त्या दिवशी सेफ्टीवालेही मुलांना अडवत नाहीत. सोनवणे ओवीला कडेवर घेऊन आले. नवा फ्रॉक, खाली ते रंगवलेलं प्लास्टर.

पूजा झाली आणि मोठे साहेब प्रसाद घेत घेत आमच्या खात्यात आले. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. सत्तरी ओलांडलीय. एका पत्र्याच्या शेडपासून उभा केलेला कारखाना, पहिली कितीतरी वर्षं खरेदी स्वतःच करायचे. फार कमी बोलतात.

त्यांनी ओवीच्या पायाची चौकशी केली आणि लॅपटॉपचं काय झालं, असं सोनवण्यांना विचारलं. म्हणजे गोष्ट तिथवरही पोचली होती. सोनवण्यांच्या आधी देवरे साहेबच उभे राहिले. कोट घातला होता त्या दिवशी. तीन कोटेशनं कशी आली, पहिल्या दुकानाचा माज कसा उतरवला, जुना माल गायधनींनी कसा पकडला, आणि आता निगोशिएशन अगदी शेवटच्या टप्प्यावर कसं आहे, हे सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते ओवीकडे वळले.

"बाळा, तुला गेम कुठला खेळायचाय?"

देवरे साहेब चटकन म्हणाले, "साहेब, युजरला आपण सहसा..."

"देवरेकाका खेळतात तो," ओवी म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. तिने बोट केलं. केबिनचं दार त्या दिवशी पूजेसाठी सताड उघडं होतं. आत टेबलावर साहेबांचा लॅपटॉप, झेंडूचा हार घालून, कपाळाला कुंकू लावून.

"तो पत्त्यांचा. दुपारी दार लावून खेळतात तो. काळ्या दश्शीवर लाल नव्वी लावायची असते. मी सांगायचे, काका लावायचे. अडकलं की ते म्हणायचे, हाई काय शे?"

बाकावर दोन व्हेंडर प्रसादाचे द्रोण घेऊन बसले होते. त्यांनी खाणं थांबवलं.

"बाबांना सांगितलं नाहीस?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही."

सोनवण्यांनी खाली मान घातली आणि पोरीला जरा घट्ट धरलं. मोठे साहेब केबिनमध्ये गेले, त्यांनी हार बाजूला करून झाकण उघडलं. हिरव्या पडद्यावर अर्धा डाव मांडलेला होता. आम्ही सगळे दारात. सोनवण्यांच्या कडेवरून ओवी पुढे वाकली आणि बघितल्याबरोबर म्हणाली, "काका, बदामची राणी त्या काळ्या राजावर जाते."

"नको," देवरे साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आधी ती दुर्री सोडव."

 देवरे साहेब गणपतीच्या फोटोकडे बघत होते. गायधनींनी खिशातून चष्म्याचं फडकं काढून चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

मोठ्या साहेबांनी झाकण मिटलं आणि पोरीला सोफ्यावर बसवायला सांगितलं. लॅपटॉप उचलून ओवीच्या मांडीवर, प्लास्टरवर ठेवला, हारासकट.

"सोनवणे, कंपनीचं त्यात जे काय असेल ते काढून घ्या," ते म्हणाले. "पत्ते राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दसरा होता, कारखाना बंद. त्यानंतर आम्ही कामावर आलो तर साहेबांच्या केबिनचं दार जागेवर नव्हतं. नुसती चौकट. मेंटेनन्सवाले म्हणाले, मोठ्या साहेबांनी रंगवायला काढायला सांगितलंय.

दिवाळी झाली. ओवीचं प्लास्टर निघालं, ती आता खाली पळते. पाऊस असला की वर बसून पत्ते लावते आणि बापालाही शिकवते. दार अजून आलेलं नाही. रंगाची तीन कोटेशनं मागवलीत म्हणे. रंग कुठला हवा, हे मात्र युजरला कुणी विचारलेलं नाही.